ठकीचं घड्याळ

३ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची! दोन बॅगा, एक गादी आणि मावशीने बळेच गळ्यात मारलेली जुनी इस्त्री, एवढा माझा संसार. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकी उघडली की समोर लाँड्रीची गच्ची आणि तिच्यावर पांढऱ्या चादरींच्या रांगा. वारा आला की सगळ्या एकदम पोटं फुगवतात. नळाला पाणी आहे, दाराची कडी बसते, घरमालकीण कमी बोलते. आणखी काय पाहिजे?

कामाची जागा चालत दहा मिनिटांवर. लोकांनी वापरून दिलेली स्मार्टवॉच आमच्याकडे येतात. आम्ही ती पुसतो, तपासतो आणि नव्या माणसासाठी कोरी करतो. चौथ्या मजल्यावर एक लांबट खोली, दोन टेबलं, डोळे दिपवणारे दिवे. सुपरवायझरना सगळे मास्तर म्हणतात. त्यांनी आयुष्यात कुणाला शिकवलेलं नाही, पण हातात छडी असल्यासारखे बोलतात. माझ्या शेजारी बसते ती फुंकणी. रबरी फुग्याने घड्याळांतली धूळ फुंकते आणि दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या कानातही काहीतरी फुंकत असते.

काम सोपं आहे. प्रत्येक घड्याळ कुठल्यातरी फोनशी जोडलेलं असतं. ती जोडी आधी तोडायची, मग घड्याळ रीसेट करायचं. जोडी तोडण्याला इथे 'काडीमोड' म्हणतात. मास्तर म्हणाले, काडीमोडाशिवाय दुसरं लग्न लावायचं नाही. पहिल्याच दिवशी मी अकरा काडीमोड केले. मावशीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, स्वतःचा संसार मांडला नाहीस तो नाहीस, निदान लोकांचे तरी नीट मोड.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज मला 'हट्टी'चा ट्रे दिला. काही लोक घड्याळ देऊन टाकतात आणि फोनवरून जोडी तोडायला विसरतात. अशी घड्याळं रीसेट केली तरी सुरू होताना जुन्या मालकाचा पासवर्ड मागतात. मग त्या मालकाला फोन करायचा, गोड बोलायचं आणि त्याच्या फोनवरून काडीमोड करून घ्यायचा. मास्तरांच्या मते माझ्या आवाजाचा कुणाला राग येत नाही. हे कौतुक आहे की काय, कळलं नाही.

एक गृहस्थ म्हणाले, बायकोला विचारतो. बायको म्हणाली, घड्याळ विकलं हे मला आत्ता कळतंय. पुढची दहा मिनिटं मी त्यांचं भांडण ऐकत होते. फुंकणी हसून हसून टेबलावर आडवी झाली.

दिवसभर माणसांशी बोलले. संध्याकाळी खोलीत आल्यावर बोलायला चादरी. पण बरं वाटतंय. लिहिलं की दिवस आपल्या ताब्यात राहतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

हट्टीतलं एक घड्याळ फारच हट्टी निघालं. लहानसं, मरून पट्ट्याचं. पडद्यावर नाव येतं, 'ठकीचं घड्याळ'. चार्जरवर लावलं, बटण दाबून धरलं, सगळं पुसून टाका म्हटलं. चक्र फिरलं, पडदा काळा झाला आणि पुन्हा तेच, 'ठकीचं घड्याळ'. पासवर्डसुद्धा मागितला नाही. तीनदा केलं. मास्तर म्हणाले, यात स्वतःचं सिम आहे आणि ते अजून चालू आहे, म्हणजे फोन कुणीतरी वापरतंय. लाव फोन.

एका वयस्कर बाईंनी उचलला. फोन त्यांच्या मुलीचा, ठकीचा. ठकी जाऊन वर्ष होत आलं. घड्याळ जावयाने त्यांना न विचारता विकून टाकलं. मी माझं नेहमीचं सांगितलं, काकू, फोनवर असं असं दाबा. त्यांनी ते ऐकलंच नाही. घड्याळ धड आहे ना, पट्टा तोच आहे ना, असं विचारत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, एकदा हातात घालशील? एकदाच.

काय बिघडतं, म्हणून घातलं. खालचा हिरवा दिवा लागला. पलीकडून त्या म्हणाल्या, बहात्तर. माझे ठोके त्यांच्या हातातल्या फोनवर उमटत होते. त्या रडायला लागल्या. म्हणाल्या, एक दिवस राहू दे गं. उद्या तू सांगशील ते दाबते.

मला नाही म्हणवलं नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

काकूंचा सकाळीच फोन. जिने धावत चढलीस का? एकशे नऊ झाले होते. मी हसले, हो म्हटलं, लिफ्ट भरली होती. मग म्हणाल्या, जेवणाचं काय करतेस?

कुणी असं विचारलेलं शेवटचं कधी, आठवत नाही. मी चार वर्षांची असताना आई गेली. मावशीने वाढवलं, काही कमी केलं नाही, पण तिची स्वतःची तीन होती. तिच्याकडे 'जेवलीस का' नव्हतं, 'जेवून घे' होतं.

काडीमोडाचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही. मास्तरांना सांगितलं की बाई आजारी आहेत, थोडा वेळ लागेल. घड्याळ काल तसंच हातात घरी आलं होतं, म्हणून आज बाहेर नेण्याच्या वहीत सही केली.

९ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. काकूंशी दोन तास बोलणं. ठकीला पोहता यायचं नाही, पण पाण्याचं वेड. ठकी रागावली की कपाटं आवरायची. बोलता बोलता त्या मला दोनदा ठकी म्हणाल्या. दुसऱ्यांदा चूक दुरुस्त केली नाही. मीही नाही. म्हणाल्या, काकू काय गं, परक्यासारखं. आई म्हण.

म्हटलं. तोंडाला सवय नव्हती, अडखळायला झालं. फोन ठेवल्यावर बराच वेळ चादरींकडे बघत बसले. एका मेलेल्या बाईची जागा आयती मिळाली, याची लाज वाटली. पण ती थोडीच.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. सात मिनिटं अंधार. आत मी एकटी. घाम फुटला, हात बधिर झाले. बाहेर आले तोवर आईंचा फोन. काळजीने नाही, खुशीत होत्या. म्हणाल्या, अकरा वाजून पाच मिनिटं, एकशे अठरा! बरोबर तेवढेच! गेल्या वर्षी याच तारखेला याच वेळी ठकीचे एकशे अठरा होते. ती ऑफिसच्या लिफ्टमध्ये अडकली होती.

ठकीचे वर्षभराचे ठोके फोनमध्ये आहेत. आईंना ते पाठ आहेत, शाळेतल्या कवितेसारखे. मी म्हटलं, योगायोग. त्या म्हणाल्या, हो गं, योगायोगच.

पण मी लिफ्टमध्ये अडकले हे त्यांना अजून सांगितलंच नव्हतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मीच विचारलं, उद्या काय आहे? नको ते विचारून बसले. त्यांनी बघून सांगितलं, दुपारी अडीचला ठोके एकदम खाली गेले होते, त्रेचाळीस. ठकीला चक्कर आली होती. उद्या नीट जेवून जा, असंही म्हणाल्या.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

नीट जेवले. पाणी प्याले. सव्वादोनपासून खुर्चीत बसूनच राहिले, उठलेच नाही.

अडीचला टेबल वाकडं दिसायला लागलं. डोळे उघडले तेव्हा फरशीवर होते आणि फुंकणी माझ्या तोंडावर फुग्याने वारा घालत होती. फोन वाजत होता. त्रेचाळीस, त्या म्हणाल्या. मी म्हटलं होतं ना?

उद्या घड्याळ काढून टाकणार. पुरे झालं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी बारा वाजता काढलं आणि ट्रेमध्ये टाकलं. मनगटावर पट्ट्याचा पांढरा वळ. आईंना फोन करून सांगितलं, आता काडीमोड करून टाका. त्या गोंधळल्या. म्हणाल्या, काढलंस कसं? इथे तर दिसतायत. चौऱ्याहत्तर.

घड्याळ माझ्या समोर पडलेलं. हिरवा दिवा बंद.

थोड्या वेळाने बोटं गार पडली. सहज मनगटावर दोन बोटं ठेवली. काही लागेना. गळ्याशी ठेवली, तिथेही नाही. फुंकणीला दाखवलं. ती चाचपून म्हणाली, तुझी नाडीसुद्धा तुझ्यासारखीच, भिडस्त. मी रस्ता ओलांडून समोरच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर गप्पा मारत होते. नाडी बघताना गप्पा थांबल्या. दुसरा हात मागितला. मग छातीला नळी लावली, काढली, तिच्यावर टिचकी मारली, पुन्हा लावली. माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, नळी बिघडलेली दिसते, तुम्ही बसा जरा, मी आलो. त्यांचा चेहरा कागदासारखा झाला होता.

मी बसले नाही. जिना कसा चढले माहीत नाही. छातीत धाप नव्हती, काहीच नव्हतं. घड्याळ हातात घातलं आणि कुणीतरी आतून दार ठोठावावं तसा पहिला ठोका पडला.

१६ नोव्हेंबर, रविवार

काल दिवसभर लिहवलं नाही. आज धीर करून विचारलं, ठकी कधी गेली? कशी?

एकवीस तारखेला. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. ऑफिसात, टेबलावर डोकं ठेवून. सगळ्यांना वाटलं, डुलकी लागली असेल. घड्याळाच्या इशाऱ्याचा आवाज बंद केलेला होता. संध्याकाळी दिवे मालवायला आलेल्या माणसाने हाक मारली तेव्हा कळलं. आई हे सगळं सपाट आवाजात बोलल्या. मग म्हणाल्या, दोन तास, गं. दोन तास माझी पोर तिथे एकटी होती. हात धरायला कुणी नव्हतं.

मी सांगितलं, मला काय होतंय ते. सगळं. विनवण्या केल्या. त्यांना पटलं, म्हणजे तसं त्या म्हणाल्या. फोनवर शोधून दाबलं. फोन म्हणाला, घड्याळ फोनच्या जवळ आणा.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मास्तरांना खरं सांगितलं. त्यांनी डोळे बारीक केले आणि म्हणाले, आण इकडे, तुझ्या डोक्यातलं भूत मी घालवतो. हातातून काढू दिलं नाही, म्हणून हातावरच रीसेट लावलं. चक्र फिरायला लागलं.

पुढचं फुंकणीने सांगितलं. मी बसल्या जागी निळी पडले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. चक्र जसं पुढे जाईल तशी मी मागे मागे जात होते, असं ती म्हणाली. मास्तरांनी घाबरून बटण सोडलं. 'ठकीचं घड्याळ' पुन्हा दिसलं, मग मी श्वास घेतला.

मास्तर बराच वेळ हात धूत होते. बाहेर येऊन म्हणाले, पोरी, ते घड्याळ हरवलं असं मी वहीत लिहितो. तू ते घेऊन जा. परत इथे आणू नकोस. तूही—

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पहिल्यांदाच मला पोरी म्हणाले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पुसलं तर मी जाते. ठेवलं तर एकवीस तारीख. उरला एकच रस्ता. त्यांच्या फोनजवळ जायचं, त्यांच्या हाताने जोडी तोडायची. तसं तोडल्यावर मी राहीन का? कुणाला विचारू? मास्तर फोन उचलत नाहीत.

मावशीला फोन केला. आवाज ऐकून म्हणाली, बरं नाही का? मी म्हटलं, सर्दी. काय सांगणार होते?

आई म्हणाल्या, ये. लगेच ये. खोली झाडून ठेवते.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दोन दिवस बसमध्ये. चार पायऱ्या चढायच्या तर कठडा धरावा लागतो. दुपारी पोचले. लहान, स्वच्छ घर. दार उघडून त्या माझ्याकडे नाही, मनगटाकडे बघत राहिल्या. मग मिठी मारली. ठेंगण्या आहेत. साबणाचा वास.

मी म्हटलं, आधी फोन. त्या म्हणाल्या, आधी दोन घास. मग म्हणाल्या, आंघोळ कर. मग, चार्जिंग संपलंय. मग शेजारीण आली. त्यांनी ओळख करून दिली, ही माझी ठकी. शेजारीण माझ्याकडे बघून हसली नाही.

माझ्यासाठी काढलेले कपडे मला बरोबर बसले.

उद्या सकाळी नक्की. शपथ घेतली आहे त्यांनी.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी नऊ. उठवत नाही. फोन चार्ज झालाय, मला इथून दिसतो. त्या कपाटं आवरतायत.

साडेअकरा. मी ओरडले. म्हणजे ओरडायला गेले. आल्या, कपाळावर ओला रुमाल ठेवला. म्हणाल्या, घाई कशाला, अजून वेळ आहे.

दोन. शेजारणीला हाका मारल्या. पलीकडे रेडिओ चालू.

साडेतीन. आता त्या पलंगावर, माझ्या शेजारी. फोन हातात. दाबलं. एकदाचं दाबलं! घड्याळ सापडलं म्हणतो. जोडी तोडायची का, विचारतो. हो. पासवर्ड मागतो. ठकीची जन्मतारीख आहे, त्यांनीच मला सांगितली होती. चार आकडे.

चुकला.

पुन्हा चुकला. मी तोंडाने सांगतेय, एकेक आकडा. त्या मान हलवतायत, हो हो म्हणतायत, आणि दुसराच दाबतायत. मला वाटलं हात थरथरतोय. नाही. हात थरथरत नाही त्यांचा.

तीन सत्तावन्न. तिसऱ्यांदा. फोन म्हणतो, पंधरा मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करा.

पंधरा—

चार बारा होतील. त्यांना कळतंय. त्यांना माहीत आहे. फोन पालथा ठेवला. फोन घ्यायला हात उचलायला जाते, तो उचलवत नाही. पेन तेवढं धरवतं.

चार तीन. त्या रडत नाहीत. माझे केस नीट करतायत. म्हणाल्या, तेव्हा मी नव्हते गं. तुला एकटीला जावं लागलं. मी कितीदा म्हटलं, एकदा, फक्त एकदा परत मिळू दे ती वेळ, मी हात सोडणार नाही.

मी सांगतेय की मी ती नाही. माझं नाव सांगतेय. त्या म्हणतात, श्श.

एकशे एकतीस. त्या मोठ्याने वाचतायत.

एकशे चाळीस.

चार आठ. डावा हात त्यांच्या दोन्ही हातांत. गरम आहेत हात. मला ते सोडवत नाहीत आणि मला— देवा, मला ते सोडावेसेही वाटत

चार नऊ. त्या म्हणाल्या, घाबरू नकोस, आई आहे. मी हो म्हटलं. मी का हो म्ह